धोप्याचा कोपरा

९ जाने., शुक्र.

बाळापूर रोडचं वावर संपवलं. तीन दिवस, चौदा खड्डे, ओलीच्या हद्दीवर एकतीस बावटे. विक्रीचे तीन एकर, त्यातला सव्वा एकर पाणथळ निघाला. ले-आउटवाल्या शेठला धक्का. फोनवर म्हणे, "भाऊ, जरा हात राखून." मी म्हटलं, हात राखून भाजीत मीठ टाकतात, बावटे नाही. प्लॉट पाडायच्या आधी मला बोलावतात ते याचसाठी. माझ्या रेघेच्या आत घर होत नाही, मोकळी जागा सोडावी लागते.

पुरावा पक्का. आठ खड्ड्यांत बारीक शंख, सहांत लव्हाळ्याच्या गाठी. काळ्या मातीत ओल रंगावरून समजत नाही. बाहेरचे शिकलेले इथेच फसतात.

मालकीण यमुनाबाई, साठीच्या, फुलं-भाजीवाल्या. मुलगा गजानन, अकोल्यात मोबाईलचं दुकान. दोघांशी बोललो नाही. नियम: मालकाला विचारायचं नाही. विकणारा सांगतो कोरडं, न विकणारा सांगतो ओलं. माती दोन्हीकडून बोलत नाही.

११ जाने., रवि.

नकाशा शाईने पक्का केला. शेठ सौदा मोडतो म्हणतो. "सव्वा एकर मोकळा ठेवून क्रिकेट खेळू का?" खेळा.

संध्याकाळी गजाननचा फोन. "बावटेवाले भाऊ, तुमी त आमचं घर उभं रायच्या आधीच पाडलं." सौदा झाला की बाई रोडकडच्या कोपऱ्यात पक्कं घर बांधणार होत्या. तो पाव एकर त्यांनी विक्रीतून वगळलाय, म्हणून मी पाहिला नाही. सत्तावीस वर्षं पत्र्याखाली राहिल्या म्हणे.

वाईट वाटलं. पण वाईट वाटून रेघ सरकवायची तर मग गावीच संत्र्याच्या कलमा बांधत बसलो असतो. बाबांच्या बागेत कोणत्या ओळीला आधी डिंक्या रोग लागायचा ते सोळाव्या वर्षी वहीत टिपायचो. बाबा औषध बदलायचे, मी झाडाखाली ओल शोधत खणायचो. तिथे शिकलो. कॉलेज नाही, सर्टिफिकेट नाही. तेवीस वर्षांत रेघ हलली नाही, हेच सर्टिफिकेट.

१५ जाने., गुरु.

य.बाई घरी आल्या. एकट्या, बस बदलून. कालच्या संक्रांतीचा तिळगूळ आणि धोप्याच्या (अळूच्या) पानांची जुडी. ही एवढी मोठी पानं! सौ. खूश, वड्या करते म्हणाली.

बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. "गोड बोला म्हनाले नाई आली मी. माह्या वावरात काय सापडलं तुमाले, थे दाखवा."

डबीतले शंख टेबलावर ओतले. त्यांनी एक बोटावर घेतला आणि हसल्या. हसतच राहिल्या.

"बाप्पा! हे त तलावातले हायेत. चार वर्षांमागं तलाव उपसला, तवा साठ ट्राल्या गाळ टाकला आमी वरच्या आंगाले. शंख, शिपल्या, लव्हाळा, सारं त्याच्यातच आलं. लव्हाळा खुरपू खुरपू कंबर गेली माही." मग, हसणं थांबवून, "मले विचारलं कावून नाई?"

आतून सौ.: "त्यांच्यात विचारायची पद्धत नाही, बाई."

चहा तसाच राहिला.

रात्री वही काढली. 'शंख आहेत' असं आठदा लिहिलंय. किती खोलीवर, ते एकदाही लिहिलं नाही. माझ्या वहीत! माझ्या अक्षरात!

१६ जाने., शुक्र.

सातला वावरात. सगळे खड्डे तीन फुटांपर्यंत नेले, भिंती खुरप्याने तासून पाहिल्या. शंख वरच्या वीतभरात. खाली एक नाही. खाली चुनखडी, कोरडी भुरभुर, आणि भेगेत सळई सरळ अडीच फूट जाते. बाई खऱ्या, मी खोटा. नाल्याकाठचे सहा बावटे ठेवले, पंचवीस उपटले.

बाई झेंडू तोडत होत्या. एकेक बावटा उपटताना त्या मोजत होत्या असं वाटलं. वाटू दे.

मग हाताला खरी ओली माती लावून बघायची होती, तुलनेसाठी. म्हणून (नियम मोडून) विचारलं, "धोप्याला पाणी किती दिवसांनी देता?"

"धोप्याले? देतच नाई."

पाणी न देता ती एवढी मोठी पानं! धोपा कुठे लावलाय? रोडकडच्या कोपऱ्यात. जिथे घर बांधायचंय.

माती काढायचं गिरमिट लावलं. शंख वरपासून खालपर्यंत, एकावर एक, कुणी आणून टाकलेले नाहीत. सव्वादोन फुटांवर माती चिकट. अडीचवर पाहता पाहता पाणी झिरपून आलं.

१९ जाने., सोम.

दुरुस्तीचा कागद शेठच्या टेबलावर. त्यात लिहिलं, "पहिली हद्द ही माझी चूक." शेठ म्हणे, 'चूक' काढा, 'फेरतपासणी' लिहा, बरं दिसतं. नाही काढला. मग त्याने डोळा मारला. "समजलो भाऊ. बाईनं काय खाऊ घातलं?"

धोप्याच्या वड्या, म्हटलं. खरं तेच होतं.

बोलतील लोक. बावटेवाल्याची रेघ शेवटी हलली म्हणतील. हलली. चूक होती म्हणून हलली. दुसऱ्या कारणाने हलवून दाखवा.

२१ जाने., बुध.

कोपऱ्याचं गजाननला सांगितलं. बाईही होत्या. काळ्या मातीत पाया, खाली बारा महिने ओल. भिंती चार वर्षांत हात घालण्याएवढ्या फाटतील. स्पष्ट सांगितलं.

गजानन: "वास्तुवाला त म्हणे ईशान्येले पाणी शुभ."

मी: "विहिरीला शुभ. पायाला नाही."

गजानन: "पयली रेघ चुकली म्हणता. मंग दुसरी कावून मानाव आमी?"

प्रश्न चोख आहे. तेवीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण मी संधीच दिली नाही.

बाई म्हणाल्या, "त्याचं नोको ऐकू, माहं नोको ऐकू. पाह्यता येते का असं काही सांगा, भाऊ."

पाहता येतं. सहा फुटांचा पीव्हीसी पाइप, खालच्या अंगाला भोकं, वर झाकण. धोप्यात उभा गाडला. रोज सकाळी फुलं तोडायच्या आधी दोरा सोडायचा, कुठवर ओला ते बघायचं. बाईंनी हाराचा पांढरा दोरा तिपेडी वळला, खाली दगड बांधला, वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. आठ गाठी. मी टेप लावून तपासल्या. एका सुताचा फरक नाही. बाई माझ्या टेपकडे बघून म्हणाल्या, "चाळीस वर्षं हार करून राहिली मी."

२९ जाने., गुरु.

शेठने इसार केला. तीनही एकर, वर बाभळीपर्यंत, नाल्याची पट्टी मोकळी सोडून. दुरुस्तीचा कागद इसारपावतीला जोडला. गजाननने पेढे पाठवले. पायाची आखणी २० फेब्रुवारीला, त्याच कोपऱ्यात. म्हणजे मानलेलं नाही.

पेढे खाल्ले. चांगले होते.

७ फेब्रु., शनि.

बाईंचा फोन रोज साडेसहाला येतो, वरून कितव्या गाठीपासून दोरा ओला ते सांगायला. "तिसरी." झालं. एवढंच. काल विचारलं, बरं आहे ना सगळं? "तिसरीच म्हणलं ना." माझ्याहून काटेकोर माणूस भेटायला इतकी वर्षं लागली.

आजूबाजूच्या विहिरी खाली चालल्या आहेत, इकडे तिसरी गाठ सोडायला तयार नाही.

१४ फेब्रु., शनि.

अमरावतीला होतो, दोन दिवस दुसरं काम. तिथे मालकाला विचारलं: गाळ टाकलाय का कधी? तो दचकलाच. "तुमी विचारत नाही म्हणे कोणाले?" आता विचारतो. उत्तर लिहितो, शेजारी खोली लिहितो, मग खणतो. रकाना पाडलाय वहीत.

सकाळी साडेसहाला तिथेही फोन. "तिसरी."

२० फेब्रु., शुक्र.

आठला पोचलो. बोलावलं नव्हतं. अंगणात आखणीच्या फक्कीची पिशवी, मिस्त्री दहाला येणार, गजानन पिशवीवरच बसलेला. बाईंनी मला राम राम केला आणि दोरा पोराच्या हातात दिला. "आज तू सोड."

त्याने सोडला. ओढला. एक गाठ कोरडी, दुसरी कोरडी, तिसरी ओली. महिनाभर पावसाचा थेंब नाही. त्याने झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा सोडला. तिसरी. मग मिस्त्रीला फोन. "काका, आज नोको या."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही, घोटभर.

मग बाई म्हणाल्या, "कुठी नाई बांधायचं थे सांगतलं तुमी. आता कुठी बांधायचं थे सांगा."

हात आपोआप वर गेला, बाभळीकडे. कोरडी, कठीण, चुनखडीची जागा, पन्नास वर्षं हलणार नाही.

"थे त इकलं," गजानन म्हणाला.

विकलं. माझ्याच दुरुस्तीच्या कागदावर. कागद बरोबर आहे, रेघ बरोबर आहे, आणि बाई पत्र्याखाली आहेत.

शेठला फोन केला. बाभळीजवळचे दोन प्लॉट सोडा, बदल्यात रोडकडचा कोपरा घ्या, तुमच्या ले-आउटची मोकळी जागा तिथे धरा. बाग करा, पाणी द्यावं लागणार नाही. शेठने सगळं दोनदा वदवून घेतलं. मग, "भाऊ, तुमची रेघ अजून किती वेळा हलणार?"

"रेघ जागेवर आहे," म्हटलं. "घर हलवायचंय."

उद्या दहाला या म्हणाला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तिघं जाणार. नकाशा, वही, खोल्यांचा तक्ता काढून ठेवला. बाईंनी दोरा पाइपातून काढून माझ्या पिशवीत टाकला. म्हटलं, उद्यापर्यंत सुकेल, काय दाखवायचं?

"सुकू द्या. पाह्यजा तुमी."

आत्ता बघितला. सुकलाय. तिसऱ्या गाठीच्या वर पांढरा, खाली महिनाभराच्या गाळाने काळा. धुतला तरी निघणार नाही.