वाघोलीची तोर्वेल्ला

४ नोव्हेंबर
कोथरूडचं सायकलचं दुकान. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं सुहासला. ‘सर, मॅडमना साधी हायब्रिड द्या. वाकून चालवायची सवय नसते ना.’ कॉलेजात शर्यती जिंकलेत मी! आणि आमचा नवरा चक्क मान डोलावतोय. मी सरळ दुकानाबाहेर पडले.

६ नोव्हें.
नेटवर एक सापडली. तोर्वेल्ला. इटालियन, स्टीलची फ्रेम, सेकंडहँड, वाघोलीत. नाव कुणी ऐकलेलं नाही. दुकानदाराला फोन केला. ‘लोकल असेल हो, वर स्टिकर मारला असेल.’ न बघता! शहाणाच.

८ नोव्हें.
दोन दिवस नुसतं वाचतेय. इटालियन लोकांच्या चर्चा, भाषांतर भयंकर. छोटा कारखाना, बापलेक चालवायचे, आता बंद. म्हणजे पार्टची बोंब. एक जण म्हणतो, लेथवर करून घ्या. फ्रेम नंबर पेडल जोडतात तिथे फ्रेमच्या खाली कोरलेला असतो, खरी-खोटी त्यावरून कळते, तो बघूनच घ्या म्हणतात. विकणाऱ्याकडे दोनदा मागितला. ‘मुलासाठी घेताय का मॅडम? फोटो पाठवतो ना.’ फोटो आला हँडलचा. डोकं फिरलं.

११ नोव्हें.
वाघोली. एकटीच गेले. नगर रस्त्यावर दीड तास.
विकणारा निखिल, आयटीतला, नागपूरकडचा. गोड बोलतो. उंची सहा फूट, आणि फ्रेम माझ्या मापाची. विचारलं, ही तुमची? ‘बायकोची. बाळ झाल्यापासून बंदच आहे, धूळ खाते.’
धूळ कुठे? साखळीला ताजं तेल.
बायको पल्लवी दारात, कडेवर बाळ. फ्रेम नंबर तिनेच सांगितला, तोंडपाठ. मग हळूच, ‘टायर मागच्याच महिन्यात बदललेत, ताई.’ तो हसला. ‘सोसायटीत दोन चकरा मारते, त्याला काय चालवणं म्हणतात?’
मी चालवून पाहिली. काय सायकल आहे! परत आले तर पल्लवी आत गेलेली. कळवते म्हटलं. गाडीचं दार जोरात आपटलं.

१२ नोव्हें.
सुहास: ‘त्यांच्या घरातलं आपल्याला काय? आपण नाही घेतली तर दुसरा कुणी घेईल.’
खरं आहे. म्हणूनच जास्त चीड आली.
निखिलला मेसेज: पल्लवीचा नंबर द्या. उत्तर: ‘माझ्याशीच बोला.’

१४ नोव्हें.
दुपारी पल्लवीचाच फोन. नंबर त्याच्या फोनमधून घेतला म्हणे.
‘ताई, तुम्हीच घ्या. तो विकणारच आहे.’
तुला विकायचीय का?
‘उन्हाळ्यात एकदा पडले मी. नुसतं खरचटलं होतं. तेव्हापासून घरात रोज हाच विषय.’ बाळ रडायला लागलं. घाईघाईने, ‘कधी एखाद्या रविवारी चालवायला द्याल?’
देईन म्हटलं. म्हणजे घेते असंच म्हणून बसले की काय? तिचीच सायकल, आणि तिने माझ्याकडे मागायची!

१५ नोव्हें.
निखिलचा मेसेज: ‘एक पार्टी येतेय. आजच सांगा.’
चार वेळा उत्तर लिहिलं, खोडलं. त्या माणसाला ‘हो’ म्हणायचं नाहीये मला.
आणि सायकल मला हवी आहे. अगदी हवी आहे.