संगीत : पारंपरिक

३ ऑगस्ट, रविवार
अंधेरीच्या हॉटेलात वाजवलं. श्रोते अकरा, त्यात चार वेटर. नितीनने ड्रम नेहमीसारखेच जास्त बडवले. अमेरिकन ब्लूज रंगात आलं आणि एका गृहस्थाची फर्माईश: "ते गणपतीचं येतं का? सगळीकडे लागतं ते?" येत नाही म्हणालो.
बावीस वर्षांपूर्वी मीच केलेलं. भांडुपच्या आमच्या मंडळासाठी, एका दुपारात. कॅसेटवर नाव नको, असंही मीच सांगितलेलं. ब्लूजवाल्याला लाज वाटत होती.

१० ऑगस्ट
स्टुडिओत गिटार वाजवायला बोलावलेलं. सणांच्या गाण्यांचा अल्बम, माघी गणपतीला निघणार. कागदावर तिसरं गाणं माझं. खाली 'संगीत : पारंपरिक'. म्हणजे मी मेलो आणि कुणी कळवलंही नाही.
संयोजन करणाऱ्या मुग्धाला सांगितलं. "काय सांगता काका! माझ्या आजोळी पण हेच म्हणतात." पोरगी चांगली आहे. फॉर्म दिला. संगीतकाराचं नाव, खाली एका जाणत्या माणसाची साक्ष. गौरी-गणपती झाले की द्यायचा.
वर म्हणते, "त्यातला ग जरा बेसूर होता, सरळ केलाय." तो ग ना कोमल ना शुद्ध, दोन्हींच्या मध्ये. तार खेचूनच निघतो, कीबोर्डात ती पट्टीच नाही. अमेरिकन रेकॉर्डी झिजवून शिकलोय तो. अख्ख्या गाण्यात ब्लूज म्हणावं असं तेवढंच.
सरळ वाजवून आलो. का, माहीत नाही.

११ ऑगस्ट
नितीनचा फोन. "तूच म्हणायचास ना, सणाचं गाणं म्हणजे हलवायाचं दुकान? आता का जळतोय रे?"
जळतोय खरा. स्वतःची म्हणून केलेली चाळीसेक गाणी, एकही कुणाला येत नाही. हे येतं. ते तरी माझं असू दे.

१६ ऑगस्ट
साक्षीसाठी आईला विचारलं. ती कॅसेटच्या कोरसमध्ये होती, तिच्याएवढं जाणतं कोण? भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यां तुझां खयचां? आमच्या आयेचां गाणां. गौरीक म्हणायची ती."
शब्द माझे आहेत गं, म्हटलं. "शब्द असतीत. मी गाण्याचां सांगतंय."
ब्याऐंशी वय. बावीस वर्षं लाउडस्पीकर ऐकून तसं वाटत असेल.
वाटत असेलच.

२० ऑगस्ट
कणकवलीला मावशीला फोन. तीही म्हणते, त्यांच्या आईचंच गाणं. म्हणून दाखव म्हटलं. शब्द माझे, आणि मधला गिटारचा तुकडासुद्धा तोंडाने वाजवला बयेने! म्हणजे ऐकलेली कॅसेटच. हुश्श केलं. चहा जास्त घेतला.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
गणपती बसले. समोरच्या मंडळात सकाळपासून तेच, दर तासाने.

१ सप्टेंबर, गौरी
दुपारी शेजारच्या बायका फुगड्यांना जमल्या. मला तेच गाणं वाजवायला बसवलं. स्टुडिओतल्या सवयीने ग सरळ गेला. आईने हात वर करून थांबवलं. "चुकलंस."
मग स्वतः म्हणाली. माझं नाही, दुसरंच काहीतरी. शब्द कधी न ऐकलेले, माहेरवाशिणीचे, चालही दुसरी. पण तो ग आला तेव्हा तिथेच, दोन्हींच्या मध्ये. गिटारवर तार खेचून पाहिली. तंतोतंत.
"तुझां असतां तर तुका चुकतां कशाक?" बायका हसल्या. मीही हसलो.
ती हे घरात म्हणायची का, मी लहान असताना? आठवत नाही. रेकॉर्डी आठवतात. पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा हे आपल्याला आधीपासून येतंय असं वाटलं होतं, ते पण आठवतं. तेव्हा मी हुशार आहे म्हणून वाटलं असेल, असं धरून चाललो होतो.
भीती वाटली. आणि खोटं कशाला, बरंही वाटलं.

२ सप्टेंबर
विसर्जन करून आलो. मुग्धाला फोन केला, ग होता तसा ठेव. "बेसूर?" हो, बेसूर. नावाचं काय, म्हणाली. उद्या सांगतो म्हटलं.
फॉर्म टेबलावर होता. साक्षीदाराच्या जागी आईने सही करून ठेवली आहे, तिच्या त्या सावकाश अक्षरात. न सांगता. कशाची साक्ष, विचारलं नाही.
वरची नावाची ओळ कोरी आहे.