धावपट्टीचं खळं करिश्माले दिल्याबाबत

सगळ्यात आधी आला माझा मुलगा शेखर, मागून प्लॉट पाडणारे दोघं. तिघंही बुटांसकट खळ्यात! तुरीचा ढीग पडलेला, अन् हे त्याच्यावरून चालले. म्हणून मी, पार्बताबाई खुशालराव गावंडे, वय ऐंशी, शिक्षण तिसरी, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकानं नाही, आपल्या मर्जीनं लिहून ठेवते की,

१. घर, भांडी, तांब्याचं घंगाळ शेखरचं. पोटचा आहे, त्याले उघड्यावर टाकत नाही.

२. धावपट्टीचं चार एकर आमच्या मालकानं, शेखरच्या बापानं, माझ्या नावे केलं. त्याची हकीकत अशी. मोठ्या लढाईत इंग्रज सरकारनं विमानं उतरवाले आमचं हे शेत घेतलं. माझ्या सासूनं, गोदाबाईनं, आपल्याच काळ्या जमिनीवर रोजानं गिट्टी वाहिली. दोन वर्षांत विमान उतरलं एक, तेही वाट चुकून. त्यातला गोरा साहेब सासूच्या हातचा भाकर-ठेचा खाऊन ढसाढसा रडला. तिखटानं. लढाई सरली, शेत परत मिळालं, पण दगड झालेलं. सासू म्हणे, "पेरता नाही येत, त मळू." तेव्हापासून सारं गाव इथं तूर-ज्वारी मळते. खळ्यात पायतान कोणी घालत नाही.

शेखरनं बोर्ड आणला: ‘येथून शूरवीर उडाले. वैमानिक नगरी. प्लॉट विक्री सुरू.’

मी म्हटलं, "कोण उडालं रे इथून?"

"आई, लोकायले असंच सांगा लागते."

किळस आली मले. आजीनं गिट्टी वाहिली, तिचं नाव नाही, अन् नातू खोटे वीर विकून राहिला!

करिश्मा शेखरचीच लेक, अकोल्याले मास्तरीण. ती आली तेव्हा न सांगता चपला बाभळीखाली काढल्या, ढिगापाशी बसली. "आजी, विमानाचं पुन्हा सांग ना," म्हणे, अन् सारं खरं वहीत उतरवलं, ठेच्यासकट. एवढा आनंद मले लेक झाला तेव्हाही नव्हता झाला. म्हणून चारही एकर करिश्माचे. अट एकच, खळं गावाले मोकळं राहावं. बोर्ड शेखरचा. त्यानं तो आपल्या घरात टांगावा.

३. गोऱ्यायनं टाकून दिलेला लोखंडी रोलर शेजारीण माणिकबाईले. पण माझं सूप परत केल्यावरच.

वाचून, समजून सही केली.

साक्षीदार: १. गोपाल सरोदे २. आरती सरोदे

मौजे खरबडी, तालुका पातूर, जिल्हा अकोला
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

पार्बताबाई गावंडे

मागाहून लिहिते: प्लॉटवाले सहीचे कागद घेऊन बुधवारी येतो म्हणाले. या म्हणा. हे मृत्युपत्र मीच त्यायले वाचून दाखवीन. बूट बाभळीखाली.