ड्रिलच्या जबड्यातून सुटलेलं घर

तीर्थरूप रुदेसिंदोदादास, एदुविनाचा कृतानेक नमस्कार. विनंती विशेष.

सगळ्यात ताजी बातमी आधी सांगते. ड्रिलच्या चकमध्ये अडकून बसलेला बिटचा तुकडा काल दुपारी बाहेर आला. बातमी पक्की आहे. शेजारच्या ओतिलियाकाकूंनी स्वतः तिला दुजोरा दिला, कारण तो तुकडा उडाला तो थेट त्यांच्या परातीत, मिल्काओसाठी किसलेल्या बटाट्याच्या गोळ्यात जाऊन रुतला. काकूंनी तो बोटांनी उपसून काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "मिल्काओत डुकराची चरबी घालतात हे माहीत होतं, लोखंड घालायची पद्धत पुंता अरेनासहून आली वाटतं." (टोमणा तुला होता. ड्रिल तू तिकडून पाठवलंस हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? नोल्फावहिनींचा खोकला थांबला का? तिकडच्या वाऱ्याने पुन्हा वाळत घातलेले कपडे पळवले का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. समुद्र तर आमच्याहून ठीक आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने कोंबड्यांचं खुराडं खाल्लं, या उन्हाळ्यात कुंपण, आणि आता कडा स्वयंपाकघराच्या खिडकीपासून इतका जवळ आलाय की भांडी घासलेलं पाणी मी बसल्या जागेवरून समुद्रात फेकते. एप्रिलचा पाऊस लागला की पुढचा घास घराचा, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मिंगा ठरवली, सगळ्या गावाने मिळून हात लावायचा. घर ओढून टेकडीवर, माझ्या थोरल्या लेकीच्या जमिनीवर न्यायचं. मी दारोदार फिरून सुप्लिका केली, प्रत्येकाच्या उंबऱ्यावर उभं राहून विनवलं, आणि आपल्याकडे विनवलेल्याला 'नाही' म्हणता येत नसल्याने बैलांच्या दहा जोड्या मिळाल्या. पण त्या या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपुरत्याच. त्यानंतर बैल बटाट्याच्या शेतांत जातील आणि माझं घर समुद्रात.

(हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. फोनवर तू "हॅलो" म्हणतोस, तिकडचं हवामान सांगतोस आणि ठेवून देतोस. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. ठेवलंस तरी ते टेबलावरून बघत राहतं.)

तर घर ओढायचं म्हणजे त्याच्या खालच्या तुळयांना घसरणीचे दोन ओंडके बोल्टने आवळायचे, आणि बोल्टसाठी तुळयांना आरपार भोकं पाडायची. तुळया लूमाच्या. ते लाकूड किती कडक असतं ते तुला माहीत आहे. लहानपणी आईच्या हातात तेच असायचं. मी तुझं ड्रिल काढलं, तर चक फिरेना. चक म्हणजे त्याचं तोंड, आत तीन जबडे, ते भोक पाडणारा बिट धरून ठेवतात. खाऱ्या हवेने त्या तोंडाला असा गंज चढवला होता की ते ना उघडे ना मिटे. (एका घरात असं एक तोंड पुरे असतं. आमच्याकडे बेलार्मिनोचं आधीपासून आहे.)

आणि इथे माझ्या नवऱ्याची अक्कल मदतीला आली. या बेटावर जे जे हलत नाही त्याला डुकराची चरबी लावतात. होडी उतरवायची, तर फळ्यांना चरबी. बिजागरी कुरकुरते, चरबी. पाठ धरली, चरबी आणि वर गरम वीट. बेलार्मिनोने मागच्या हिवाळ्यातली बरणी काढली आणि दोन बोटं भरून चरबी चकमध्ये कोंबली. मानायला हवं, जबडे लोण्यासारखे उघडले. त्याने बिट घातला, आवळला, माझ्याकडे असं बघितलं की जणू ड्रिल त्यानेच जन्माला घातलंय, आणि तुळईला लावून कळ दाबली. बिट तुळईत टेकून स्वस्थ उभा राहिला आणि चक त्याच्याभोवती गरागरा फिरत राहिला! चरबी लावलेले जबडे पकडणार कशाला? थोड्या वेळाने चरबी तापली आणि घरभर तळणाचा वास सुटला. ओतिलियाकाकू दाराशी येऊन म्हणाल्या, "आज काय, सोपाइपिया तळताय का? एक ताट इकडेही द्या."

पोळलेल्या नवऱ्याने मग पाईप पान्हा आणला आणि चक करकचून पिळला आणि म्हणाला, बिट आता बापजन्मी सुटणार नाही. तो दिलेल्या शब्दाला जागला. घसरणं थांबलं, एक भोक पडलं, दुसऱ्या भोकात बिट मोडला, अर्धा तुळईत, अर्धा चकमध्ये. आता बेलार्मिनोने पान्हा उलटा लावला. तो आणि माझे दोघे दीर लोंबकळले, पण चक काही सुटला नाही. मी म्हटलं, "बैलांच्या दहा जोड्या घराला कशाला, आधी याला जुंपा."

तेवढ्यात एरिबेर्तोकाका आले. (होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे. आता निवृत्त आहेत, पण इंजिनांना अजून कळवलेलं नाही.) त्यांनी स्वतःचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला होता, तो टकटक धक्के देत स्क्रू पिळतो तो. त्याच्या तोंडात षट्कोनी दांड्याचाच बिट बसतो आणि आमचे सगळे गोल. षट्कोनी बिट बाजारातून आणू, तर त्याच्यात आधीचाच एक रुतून बसलेला. सगळ्या पुरुषांनी आलटून पालटून त्याची कडी मागे ढकलली. ती पुढे ओढायची असते हे बऱ्याच वेळाने काकांनाच आठवलं. ओढली, तर बिटासोबत चिमूटभर वाळू बाहेर आली. "किनाऱ्यावर ठेवला होता," काका म्हणाले, जणू चूक किनाऱ्याची होती.

पण मान खाली घालून त्यांनीच मग माझ्या ड्रिलचा इलाज केला. चकची बाहेरची कडी पान्ह्यात घट्ट धरायला लावली, ड्रिल उलट्या दिशेला, अगदी हळू गतीवर ठेवलं आणि कळीला नुसता बोटाचा झटका दिला. एक, दोन. तिसऱ्या झटक्याला कडाक् झालं आणि पुढचं ओतिलियाकाकूंनी तुला वर सांगितलंच आहे. चक मग रॉकेलने धुतला, चुलीजवळ वाळवला आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला. एकच. चरबीची बरणी मी माझ्या उशीखाली ठेवली आहे. आज सकाळी नव्या बिटाने मी एकटीने उरलेली भोकं पाडली. तीन जबडे सख्ख्या भावंडांसारखे एकत्र धरत होते. (भावंडांसारखे असायला हवेत तसे, म्हणू या.) ओंडके आवळले आहेत, आतून आडव्या फळ्या ठोकल्या आहेत, खिडक्या काढल्या आहेत. घर आता दात काढलेल्या म्हातारीसारखं हसतंय, पण जायला तयार आहे. सर्वांना नमस्कार, वहिनींना काळजी घ्यायला सांग.

तुझी,
एदुविना

ता. क. चक फिरताना किंचित डगमगतो. काका म्हणतात, त्या वयात चालायचंच. नवीन ड्रिल पाठवू नकोस. मला ड्रिल नको आहे.

ता. क. २. कार्नेओत, डुक्कर कापायच्या दिवशी, मांसाच्या वाटणीत बेलार्मिनोने तुला मानाचं मुंडकं दिलं नाही, तेव्हा तू सगळ्यांसमोर शपथ घेतलीस की "या जमिनीवर हे घर उभं आहे तोवर मी त्याचा उंबरा ओलांडणार नाही." मी शब्द नीट आठवून पाहिले. ओतिलियाकाकूंनाही विचारलं, त्यांच्याही लक्षात आहेत. शनिवारी दुपारनंतर त्या जमिनीवर घर नसेल. उंबरा टेकडीवर असेल. शपथ तुझी अगदी शाबूत राहील, आणि नाहीतरी जमीन समुद्र नेतोच आहे.

ता. क. ३. ही सुप्लिका समज. मी तुझ्या उंबऱ्यावर उभी राहून विनवते आहे, गुडघेदुखीचं कारण चालणार नाही. बैलांपुढे चालणारा माणूस घरचा थोरला असावा लागतो आणि थोरला एकच आहे.

ता. क. ४. बेलार्मिनोला या पत्राचं काही सांगितलेलं नाही. पण त्याने मिंगानंतरच्या मेजवानीचं डुक्कर कापलं, मुंडकं वेगळं टांगून ठेवलं आणि सहज विचारतो, "तुझा भाऊ अजून भाजलेलंच खातो का, की दात गेले?" शुक्रवारच्या संध्याकाळच्या बोटीला तो धक्क्यावर जाणार आहे. म्हणतो, बोल्ट येतील ते घ्यायला. बोल्ट तर आज सकाळीच बसले.