माळ का तोडलीस, हे कुणी विचारलंच नाही

प्रिय दादा,

तुला दिलेला शब्द मी मोडला. मायला सगळं सांगितलं. तुझं वर्षश्राद्ध होऊन महिनाही झाला नाही आणि तुझ्या बहिणीनं हे केलं! म्हणून आज लिहायला बसले आहे. दुसऱ्या कुणाकडून तुला कळायच्या आधी माझ्याकडूनच कळावं. गेलेल्या माणसाला कोण सांगायला येतंय, म्हणशील. पण आपल्या गावाचा काय भरवसा!

ताडकळसला माझ्या घरी तू अचानक आला होतास, तो दिवस आठवतो? सेलूहून निघालेला तुझा टेम्पो कापसानं भरलेला होता, तो तसाच दारात उभा केलास. सासऱ्यांनी माझ्या ओंकारला मठात ठेवायचं ठरवलं होतं. तिथं जेवायला मिळतं, अभंग शिकवतात, चार चांगले संस्कार होतात, असं सगळेच म्हणायचे. तू चहाला हातसुद्धा लावला नाहीस. "पोरगं मठात जायचं न्हाई," एवढंच म्हणत राहिलास. सासरे म्हणाले, "पाव्हणं, कारण तर सांगा." तू म्हणालास, "कारण न्हाई. जायचं न्हाई म्हनलं ना!"

मग गोठ्यामागं नेऊन मला कारण सांगितलंस. माझ्याकडं न बघता, अंगातल्या शर्टाला चिकटलेला कापूस वेचत वेचत. त्याच मठात, तू लहान असताना, महाराजांनी तुझ्याशी काय केलं ते. एकदा नाही, कित्येकदा. गिऱ्हाइकाला भाडं सांगावं तसा बोलत होतास. शेवटी म्हणालास, "मायला सांगू नको, बेबे. तिला सोसायचं न्हाई." मी तुझ्या हातावर हात ठेवला. ओंकार मठात गेला नाही. त्यासाठी सासरी मी जे भांडले, ते ऐकून तू पहिल्यांदा हसलास. "वकिलीन हायेस तू," म्हणालास. पुढं तेच नाव पडलं.

एक विचारू? रागावू नकोस. माझ्या लेकराला तू वाचवलंस, पण बाकीची पोरं तिथंच होती ना रे? त्यांचं काय होत असेल, हे तुझ्या मनात येत नव्हतं का? विचारते आणि लगेच माझीच मला लाज वाटते. तू लहान होतास तेव्हा सांगितलंच होतंस की! तुझ्या परीनं सांगितलं होतंस. आम्हाला ऐकू आलं नाही.

त्या वर्षी माय आणि बाबा नेहमीसारखे ऊसतोडीला गेले. मी दुधपिती म्हणून मला कारखान्यावर नेलं आणि तुला मठात ठेवलं. पोरगं सुरक्षित जागी आहे, देवाच्या दारात आहे, म्हणून माय तिकडं निर्धास्त होती. आणि तू एक दिवस गळ्यातली तुळशीची माळ तोडून, मठाच्या विहिरीत टाकून, चालत घरी निघून आलास. घर तर बंद होतं! ओसरीवर बसून राहिलास. ही सगळी हकीकत माय मला लहानपणापासून सांगत आलीय, पण तिनं सांगितलेली गोष्ट वेगळी होती. तिच्या गोष्टीत तू माळ तोडलेला पोरगा होतास.

आपल्या घरात माळ म्हणजे काय, ते तुला काय सांगायचं. अंघोळीलासुद्धा काढायची नाही. ती गळ्यात आहे तोवर मटण नाही, दारू नाही, खोटं नाही. तुटली तर माळकऱ्याच्या घराला सुतक लागल्यासारखं होतं. बाबा उचल घेतलेलं काम टाकून मायला घेऊन धावत आले. कुणी म्हणालं, पोरानं अंडं खाल्लं असेल. कुणी म्हणालं, वळण नाही. सगळ्या गावानं तुझा मोकळा गळा बघितला. गळा मोकळा का केला, हे एकानंही विचारलं नाही.

आणि मग रिवाजाप्रमाणं तुला परत नेलं. हातात नारळ दिला, महाराजांच्या पायावर डोकं ठेवायला लावलं, आणि नवी माळ त्यांच्याच हातानं तुझ्या गळ्यात घातली. ताट मायनं धरलं होतं. गोठ्यामागं तू मला सांगितलंस, "त्याचं बोट मानेला लागलं, तवा मी श्वास धरून बसलो हुतो." दादा, मला तुझं सगळं बोलणं सोसतं, हे एक वाक्य सोसत नाही.

तू एवढा सुरेख मृदंग वाजवायचास म्हणे. पुन्हा कधी हात लावला नाहीस. लोक तुला नास्तिक म्हणायचे, सप्ताहाला पाचशे रुपये पाठवून आपण न येणारा माणूस म्हणायचे. टेम्पो चालवताना तुझी बोटं स्टिअरिंगवर चालायची, ते मी बघितलंय. बघतेय असं दिसलं की थांबवायचास.

आता शब्द का मोडला ते सांगते. गावात आपल्या गल्लीतलंच एक पोरगं मठातून पळून आलं. नाव लिहीत नाही, कायद्यानंही लिहू नये आणि मलाही लिहायचं नाही. त्याचे आईबाप तुझ्या-माझ्या आईबापांसारखेच ऊसतोडीवरून नुकते परतलेले. पोराचा गळा मोकळा. लगेच ठरलं, बुधवारी मारुतीच्या मंदिरात महाराज येणार, पोरगं माफी मागणार, नवी माळ घालणार. तेच महाराज, दादा! आता म्हातारे झालेत, दाढी पांढरी झालीय, आणि मोठे महाराज म्हणून पंचक्रोशी पाया पडते. आणि ताट धरायला कोण? गावातली सगळ्यात जुनी माळकरीण. आपली माय.

मी तेव्हा माहेरीच होते. माय सकाळी ताटात हळदकुंकू ठेवत होती, नारळ पुसत होती, कौतुकानं म्हणाली, "तुज्या दादाला बी अशीच घातली हुती बग. लय द्वाड हुतं, पर महाराजानं पदरात घेतलं."

काय करायला पाहिजे होतं मी? तुझा शब्द पाळायला पाहिजे होता? सांग ना! मी तिच्या हातातला नारळ काढून घेतला आणि सांगून टाकलं.

ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "त्यानं सांगितलं? त्याच्या तोंडानं?" मी हो म्हणाले. मग ती उठली, नारळ परत ताटात ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि ताट घेऊन देवळाकडं चालू लागली. मला वाटलं, विश्वास बसला नाही. तिच्या मागं धावताना तुझ्यावर इतका राग आला होता! जिवंतपणी का नाही सांगितलंस तिला?

देवळात गर्दी होती. महाराज गादीवर बसले होते. पोरगं समोर मान खाली घालून, त्याची आई त्याच्या मागं. मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष आप्पा सगळ्यांना बसवून घेत होते. महाराज हसून म्हणाले, "या माऊली, आणा ताट इकडं."

माय गादीकडं गेलीच नाही. पोराजवळ खाली बसली. त्याच्या गळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "का तोडलीस रे बाळा?"

दादा, एवढंच! ह्या एवढ्या चार शब्दांसाठी तू जन्मभर थांबला होतास का रे?

पोरगं मायच्या लुगड्याचा पदर धरून तिच्या पाठीमागं सरकलं, गादीवरून दिसणार नाही असं. आप्पा म्हणाले, "काकू, हे नंतर इचारा. मुहूर्त जायलाय." तोवर त्याची आई पुढं आली होती. तिनं लेकराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मला सांग, का तोडलीस?" तो म्हणाला, "मला ह्यांच्या खोलीत न्हाई जायचं."

मायनं ताटातली नवी माळ उचलून कनवटीला खोचली आणि ताट आप्पांच्या पायाशी ठेवलं. आम्ही त्या मायलेकराला घेऊन बाहेर पडलो, तेव्हा आप्पा मागं आले. बिचारे समजूत घालायला लागले! म्हणाले, "पोलिसात जाऊ नका. संस्थेचं नाव खराब हुईल. आमी काय गप बसतोत का? मागं बी एका पालकाची तकरार आली हुती. तवा आमीच महाराजाला दोन वर्सं दुसऱ्या मठात धाडलं हुतं की!"

त्यांना वाटलं, ते स्वतःची बाजू मांडतायत. मी म्हणाले, "आप्पा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं." आणि दुसऱ्या मठात काय पोरं नव्हती?

पालमला ठाण्यात बाईसाहेब होत्या. पोरगं आत आईजवळ बसून बोललं. काय बोललं ते मी विचारलं नाही. माझा जबाब झाला, मायचा झाला. तुझं नाव मायनंच घेतलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट. आणि आप्पांचं ते वाक्य मी शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावलं. माहीत असून लपवणं हाही गुन्हाच आहे दादा, लेकरांच्या बाबतीत कायदा तसा आहे.

सगळं नीट झालं असं समजू नकोस. महाराज आत आहेत, पण जामिनाची खटपट जोरात चाललीय. ट्रस्टवर अजून कुणी बोट ठेवलेलं नाही. आप्पा परवा घरी येऊन गेले, म्हणाले, गेलेल्या माणसाला मधी कशाला ओढता? पोराच्या बापाला मुकादमानं पुढच्या वर्षी टोळीत घेणार नाही म्हणून सांगितलंय. मायला बायका हरिपाठाला बोलवत नाहीत. ती आपल्या ओसरीवर एकटीच म्हणते, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मी विचारलं, अजून म्हणवतं तुला? तर म्हणाली, "द्येव काय त्या गादीवाल्याच्या बापाचा हाय व्हय?" तिची माळ गळ्यात आहे. ती तिला तिच्या आईनं घातली होती.

पण रात्रंदिवस एकच गोष्ट तिला खाते. तुझ्या फोटोसमोर बसते आणि ताट आपणच धरलं होतं, असं म्हणते. मी काय समजूत घालू? तू खरंच म्हणाला होतास, तिला सोसत नाही. मीही रोज विचारते स्वतःला, सांगितलं ते बरं केलं का? आणि रोज त्या पोराचा मायच्या पदराला धरलेला हात आठवतो.

आज पत्र लिहायला बसले, तर माय म्हणाली, माझंही लिही. तिचे शब्द जसेच्या तसे: "त्याला म्हनावं, माळ तोडलीस ते लय बरं केलंस, बाळा. मी तवाच इचारायला पायजे हुतं."

ती नवी माळ अजून तिच्या कनवटीलाच आहे. कुणाच्याच गळ्यात ती जायची नाही.

आता नवा शब्द देते आणि हा मोडणार नाही. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मी त्या लेकराच्या शेजारी बसेन. आप्पांना आणि त्यांच्या सगळ्या विश्वस्तांना तिथं उभं राहून सांगावं लागेल, त्यांना कधीपासून माहीत होतं. ते सांगेपर्यंत मी विचारत राहीन. तू नाव उगाच ठेवलं नव्हतंस.

तुझी,
वकिलीन बेबी