एक जुलैला जन्मलेले

३ जून २०२५, मंगळवार

झालं मराठी एकदाचं! चारशे बारा वाक्यं. नॉर्वेतल्या लोकांनी त्यांच्या दवाखान्यांसाठी केलेलं हे सॉफ्टवेअर आता भारतात चालवायचं, आणि ते इथल्यासारखं करायचं काम माझ्या गळ्यात. आकड्यांत लाख-कोटीचे स्वल्पविराम, दहा आकडी मोबाइल, आधी दिवस मग महिना – सगळं झालं.

बाबांना स्क्रीन दाखवली. ‘आपली भेट निश्चित झाली आहे’ वाचून म्हणाले, “असं कोन बोलते वो? नंबर लागला म्हन ना!” लगेच बदललं. शहाणपणा सगळा माझाच, असं उगाच वाटत होतं.

पुण्याच्या ऑफिसातून आमच्या साहेबांचा, अनुपसरांचा फोन. “तुला तिकडची माणसं माहीत आहेत, तूच सही कर.” केली. ‘भारतासाठी तयार’ – खाली माझं नाव. सोळा तारखेला लाखांदूरच्या एका खासगी दवाखान्यात सुरू होणार. नीट पार पडलं तर टीम लीड मी, तेही पवनीत घरी बसून!

७ जून, शनिवार

दिवसभर लाइट नाही. भात, वांग्याची भाजी, झोप.

१२ जून, गुरुवार

एसटीने लाखांदूरला जाऊन आले. 

दवाखान्याच्या जुन्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. पेशंट २६४०. स्क्रीनवर दिसले २६०३. सदतीस माणसं गेली कुठे? नोंदणीच्या खिडकीवर करुणाताई बसतात, त्यांनी जुनी कार्डं काढली. शकुबाई नाकाडे, सानगडी. शकुबाई नाकाडे, लाखांदूर. दोन बायका, दोन कार्डं. स्क्रीनवर एकच!

मग उलगडलं. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की सॉफ्टवेअर त्यांना एकच माणूस धरतं आणि नोंदी आपोआप जोडतं. दोघींचीही तारीख १ जुलै १९५८. सानगडीच्या शकुबाईंना पेनिसिलिन चालत नाही. कार्डावर लाल शाईने लिहिलंय. जोडलेल्या नोंदीत शेवटची माहिती राहिली ती दुसरीची – ‘ॲलर्जी नाही’.

करुणाताई हसल्या. “एक जुलै तं इकडं अर्ध्या गावाची राहते जी, म्याडम. शाळेत नाव टाकाले गेलं का गुरुजी तेच लिवून देत.”

हे काय मला माहीत नव्हतं? बाबांच्या आधारवर एक जुलै आहे. जन्म धान कापणीतला, दिवाळीच्या सुमाराचा. दरवर्षी आम्ही त्यावर हसतो! आणि हा जोडणीचा नियम मी वाचला होता. वाचला आणि पुढे गेले. नॉर्वेच्या माणसाला हे कळणार नाही, ठीक. मला?

१३ जून, शुक्रवार

कोणालाच सांगितलं नाही. सकाळपासून एकच विचार – सोमवारी सुरू होऊ दे, मग हळूच दुरुस्त करू. कोणाला कळणार? चार दिवसांत ती शकुबाई थोडीच दवाखान्यात येणार आहे?

आणि आली तर?

बाबांनी ओळखलंच. “काहून वो, चूप चूप काहून हायेस?” सांगून टाकलं सगळं. वाटलं, म्हणतील, होते चूक, जाऊ दे. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, “आमच्या गुरुजीनं एका दिवशी चाळीस पोट्टे जल्माले घातले. खोटं लिवलं, पन शाळेत तं घेतलं ना आमाले! तू दोघींची एक करून राहिली.”

 लाज वाटली. खरंच वाटली.

१४ जून, शनिवार

अनुपसरांना सांगितलं. आधी म्हणाले, “डेटाच खराब आहे तुमच्याकडचा. खऱ्या तारखा मागव.”

डोकंच फिरलं. “कोणाकडून मागवू, सर? ज्या आईला माहीत होती ती वारली असेल. आणि तिलाही तारीख नाही, हंगाम माहीत होता!” एवढ्या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.  मग तेच म्हणाले, “सोमवारचं थांबवतो. पण सही तुझी आहे, दामिनी.”

आहेच.

सदतीस नोंदी करुणाताईंबरोबर फोनवर एकेक करून सोडवल्या. आठ जण खरोखरच दोनदा लिहिलेले निघाले. एकोणतीस वेगळी माणसं. मग नॉर्वेला लांबलचक टिपण पाठवलं – आपोआप जोडणं बंद करा, ते माणसाने बघून ठरवावं. गाव विचारा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारा. आणि ‘जन्मतारीख अंदाजे’ असा एक रकाना सगळ्याच देशांसाठी ठेवा. इंग्रजी कच्चं असेल, असो.

२० जून, शुक्रवार

टीम लीड आमच्या पुण्याच्या ऑफिसातला प्रफुल्ल झाला. चांगला मुलगा आहे, पण मला आज चांगलं वाटायचं नाही. नॉर्वेहून उत्तर नाही. बाबांना म्हटलं, खरं बोलून काय मिळालं? ते म्हणाले, “मिळालं पायजेच का?” त्यांचाही राग आला.

२३ जून, सोमवार

लाखांदूरला आज सुरू झालं – आपोआप जोडणं बंद, आणि नवा रकाना पुण्याच्या टीमनेच तात्पुरता घातलेला. करुणाताईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला. शकुबाई दोन!

२७ जून, शुक्रवार

नॉर्वेहून मेल. तो जोडणीचा नियम लिहिणाऱ्या बाईंचाच. युद्धातून, कागदपत्रांशिवाय तिकडे आलेल्यांना जन्मतारीख माहीत नसली की तिथे १ जानेवारी लावतात. माझं टिपण वाचून त्यांनी स्वतःच्याच नोंदी शोधल्या. त्रेसष्ट माणसं दुसऱ्या कुणात तरी मिसळली होती. त्यातला एक तर नोंदीप्रमाणे चार वर्षांपूर्वी वारलेला – म्हणजे खरा वारला तो त्याच्याच नावाचा दुसरा, सॉफ्टवेअरने दोघांनाही वारलेलं धरलं. त्याला दवाखान्यातून कधी कोणी बोलावलंच नाही.

काल बाईंनी त्याच्या नोंदीतल्या जुन्या नंबरवर फोन लावून पाहिला. त्याने उचलला.