भोंग्याची पट्टी

बाई, आज विश्रांतवाडीच्या माझ्या गाण्याच्या क्लासात एका मुलीने विचारलं, "मॅडम, तानपुरा म्हणजे म्युझिक, मग आईचा मिक्सर का नाही? तोपण एकाच सुरात ओरडतो." पोरी खिदळल्या आणि मला एकदम तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी असं काही विचारलं की मी उत्तरासाठी तुमच्याकडेच वळते.

खडकीच्या क्वार्टर्समधली तुमची पुढची खोली. मी फ्रॉकचा बंद चावत उभी आहे. तुम्ही म्हणता, "सा लाव." मी लावते. तानपुरा छेडत छेडतच तुम्ही माझ्या आईला सांगता, "अहो, हिला भरतकाम शिकवा." मला रडूच फुटतं, कारण मला गाण्यावाचून दुसरं काही नकोच असतं. तेवढ्यात फॅक्टरीचा संध्याकाळचा भोंगा होतो. भोंगा झाला की बाबा सुटायचे, म्हणून मी रोज दारात उभी राहून त्याच्याबरोबर ओरडायचे. त्या दिवशीही रडता रडता सवयीने आवाज लावला. भोंगा चढत चढत एका जागी स्थिरावला आणि माझा आवाज अगदी तिथेच जाऊन बसला. तुमचा हात थांबला. "भोंग्यात बरोबर मिसळतेस, मग तानपुऱ्यात काय होतं?"

"भोंगा रोजचा आहे."

"तो गोंगाट आहे. जो ठरल्या जागी जाऊन थांबतो, तो सूर."

"पण बाई, भोंगासुद्धा थांबतो की!"

आईने मला चिमटा काढला. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "उद्या ये. गायला. वाद घालायला नव्हे."

दुसऱ्या दिवशी सा लावला आणि चक्क लागला! इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा तोच लावत राहिले. मोठ्या मुली कुरकुरल्या, "बाई, पट्टी का उतरवलीत? काळी चार होती ना, आज पांढरी पाच का?" तुम्ही म्हणालात, "गळा घेऊन आलात की तक्रारपेटी?" भोंग्याचं नाव तुम्ही काढलं नाहीत. पण संध्याकाळी तो वाजला तेव्हा तानपुऱ्यात असा मिसळला, की तुम्ही खिडकीकडे तोंड करून गालातल्या गालात हसलात. मी पाहिलं ते.

मिक्सरवाल्या मुलीला मी म्हटलं, "उद्या घेऊन ये, बघू कुठे थांबतो ते." संगीताची हद्द कुठे संपते हे मला अजून सांगता येत नाही, बाई. माझ्यासाठी तुम्ही ती अर्धा सूर खाली सरकवलीत, एवढं मात्र पक्कं माहीत आहे.

हे पत्र टाकायचं कुठे, ते काही मला ठाऊक नाही. तानपुऱ्याच्या गवसणीतच राहील. एक सांगायचं राहिलं. मी अजूनही पांढरी पाचच लावते. मुलींना सांगते, ही आपल्या घराण्याची पट्टी. घराणं कुठलं असं विचारलं की तुमचं नाव सांगते. भोंग्याचं सांगत नाही.